रॉक अँड रोलच्या पायाचा दगड कोण? नावं पुराव्यासकट द्या

तबकडी७८

'पहिलं रॉक अँड रोल गाणं कोणतं' यावर वाद घातला की तो जागच्या जागी फिरत राहतो. म्हणून प्रश्न जरा वेगळा ठेवतोय. कोणाची नेमकी कोणती गोष्ट पुढच्यांनी उचलली, आणि ती आधीच्या व नंतरच्या तबकडीवर कानाने ऐकता येते का? एवढं दाखवता आलं तरच नाव धरायचं. 'महान होता', 'काळाच्या पुढे होता' हे पुरावे धरू नका.

माझं नाव लुई जॉर्डन. जन्म १९०८, आर्कान्सॉ राज्यातलं ब्रिंकली. आल्टो सॅक्सोफोन आणि गाणं. ड्रमर चिक वेबच्या मोठ्या बँडमधून बाहेर पडून त्याने 'टिंपनी फाइव्ह' काढला. नाव पाचाचं, पण माणसं बहुतेक वेळा सहा-सात. हा आकारच महत्त्वाचा आहे. १९४४ मध्ये अमेरिकेत नाचगाण्याच्या जागांवर आधी ३० आणि मग २० टक्के कर बसला. पंधरा-अठरा जणांचा बँड पोसणं मालकांना परवडेना. जॉर्डनने दाखवून दिलं की दोन-तीन फुंकवाद्यं, पियानो, बास, ड्रम आणि पुढे विजेची गिटार एवढ्यावर तेवढाच दणका देता येतो. रॉक अँड रोलच्या बँडचा साचा तो हाच.

आता पुरावा. १९४६ची 'एंट दॅट जस्ट लाइक अ वुमन' ही तबकडी लावा आणि सुरुवातीचे काही सेकंद ऐका. गिटारवर कार्ल होगन आहे. मग चक बेरीचं १९५८चं 'जॉनी बी. गुड' लावा. सुरुवातीची गिटारची ओळ जवळजवळ जशीच्या तशी आहे, आणि होगनचं ऋण बेरीने स्वतः मान्य केलेलं आहे. दुसरा पुरावा माणसाचा. डेक्का कंपनीत जॉर्डनच्या तबकड्या काढणारा निर्माता मिल्ट गेब्लर. १२ एप्रिल १९५४ला न्यूयॉर्कच्या पिथियन टेंपलमध्ये बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा निर्माता हाच. जॉर्डनकडचे फुंकवाद्यांचे तुकडे तो हेलीच्या वादकांना गाऊन दाखवत असे.

आणखी कोणाचं नाव इतक्या थेट पुराव्यावर उभं राहत असेल तर सांगा.

सातवा_फ्रेट

सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५, कॉटन प्लांट, तेही आर्कान्सॉच आणि ब्रिंकलीच्या अगदी जवळ. चर्चमध्ये वाढलेली बाई. १९३८ला डेक्कासाठी 'रॉक मी' गायली. मूळ थॉमस डॉर्सीची भक्तिरचना, पण म्हणण्याची ढब रात्रीच्या क्लबातली. त्यावरून चर्चवाले नाराज झाले, आणि बाईंनी क्लबही सोडला नाही आणि चर्चही.

पुराव्याची तबकडी 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे'. ध्वनिमुद्रण १९४४, पियानोवर सॅमी प्राइस. १९४५ मध्ये ती बिलबोर्ड मासिकाच्या 'रेस' यादीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीत, दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पियानोचा डावा हात बूगीचा आहे, म्हणजे खालच्या स्वरांची एकच ओळ सतत फिरवणारा. गिटार विजेची आहे आणि कॉर्ड धरून साथ करत बसत नाही, गाण्याच्या ओळी संपतात तिथे एकेका तारेवर उत्तर देते. आणि गायिका ठेक्याच्या किंचित पुढे झुकून गाते, त्यामुळे लय तेवढीच असून गाणं घाईत असल्यासारखं वाटतं. गाणारा आणि गिटारवर उत्तर देणारा एकच माणूस, हे चित्र लोकांसमोर आधी हिने ठेवलं, बेरी त्यानंतर दहा वर्षांनी आला.

माणसांचा पुरावाही देते. १९४७ला जॉर्जियातल्या मेकनमध्ये तिने एका किशोरवयीन मुलाला आपल्या कार्यक्रमात रंगमंचावर गायला लावलं. तो पुढे लिटल रिचर्ड झाला. गायक जॉनी कॅशने १९९२ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सन्मानसोहळ्यात लहानपणीची आवडती गायिका म्हणून हिचं नाव घेतलं. आणि हॉल ऑफ फेमवाल्यांना तिची आठवण कधी झाली? २०१८ला! तिच्या मृत्यूनंतर ४५ वर्षांनी. याचा मला खरोखर राग येतो.

दुसरी_चौथी

दोन्ही नावं मान्य. पण जॉर्डन आणि रोझेटा यांच्या तबकड्यांवर ड्रम ऐका. तो अजून स्विंगचा आहे, डुलणारा. रॉक अँड रोल ज्यामुळे अंगावर येतं तो ठेका तिथे नाही. तो न्यू ऑर्लिन्समधून आला आणि त्याचा कर्ता ड्रमर अर्ल पामर.

रॅम्पार्ट आणि ड्यूमेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर कोझिमो मटासाच्या घरच्यांचं दुकान होतं. त्याच्या मागच्या छोट्याशा खोलीत जे अँड एम स्टुडिओ. १० डिसेंबर १९४९ला तिथे फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' झालं. चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी पामरने स्नेअरवर (चरचरीत आवाजाच्या लहान ड्रमवर) पहिल्यापासून शेवटपर्यंत ठासून धरली आहे. त्याआधी न्यू ऑर्लिन्सच्या बँडमध्ये हा जोर शेवटच्या फेरीत, सगळे मिळून वाजवायला लागले की यायचा. पामरने शेवटची फेरी सुरुवातीलाच आणून ठेवली.

दुसरी गोष्ट १४ सप्टेंबर १९५५ची, लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी', स्टुडिओ तोच. रिचर्डचा उजवा हात पियानोवर सरळ आठ ठोके मारतो, त्यात झोल नाही. पामर शफल (लांब-आखूड, डुलणारे ठोके) वाजवत राहिला असता तर दोघांचं जमलंच नसतं. त्याने झांजेवर रिचर्डचे सरळ आठ उचलले. पुढची साठ वर्षं जगभरचे ड्रमर जे वाजवतात ते इथून निघालं.

अरेंजर डेव्ह बार्थोलोम्यूचं नाव इथेच घ्यायला हवं. बासची ओळ तो फक्त उभ्या बासला देत नसे. तीच ओळ गिटार आणि सॅक्सोफोनलाही द्यायचा. का? त्या काळच्या एका-दोन मायक्रोफोनांवर उभ्या बासचा आवाज नुसता गुरगुरायचा आणि ज्यूकबॉक्सच्या स्पीकरवर नाहीसा व्हायचा. गिटारने त्याच स्वराला टोक येतं आणि सॅक्सने जाडी. ती ओळही बहुतेकदा ३+३+२ अशी आठ मात्रांत पडते, थेट क्यूबाकडून आलेली.

तबकडी७८

@दुसरी_चौथी, पामरबद्दल वाद नाही. पण दुसऱ्या-चौथ्यावरचा सततचा जोर 'द फॅट मॅन'च्या आधीही सापडतो. वायनोनी हॅरिसचं 'गुड रॉकिन टुनाइट', डिसेंबर १९४७. तिथे तो टाळ्यांनी दिला आहे.

दुसरी_चौथी

बरोबर, टाळ्या आहेत. पण टाळ्यांचं काम ड्रमरकडे कायमचं सोपवणं आणि बाकीचा बँड त्याभोवती बसवणं हे वेगळं आहे. टाळ्यांचा जोर गाण्याच्या मूडप्रमाणे कमी-जास्त होतो. स्नेअरवर आला की तो गाण्याचा कणा होतो आणि गायकाला त्याच्यावर टेकता येतं.

नवा_कॅपो

चर्चा चांगली चालू आहे, मध्येच एक वाजवण्यातला प्रश्न. 'जॉनी बी. गुड'ची साथ गिटारवर केली की गाणं पळत नाही, नुसतं उड्या मारतं. स्वर बरोबर, लय बरोबर. मग चुकतं काय? आणि बी फ्लॅटमध्ये हात फार ताणला जातो, त्याला काही उपाय?

सातवा_फ्रेट

उड्या मारतं म्हणजे तुम्ही शफल वाजवताय. गणित करून बघा. लय मिनिटाला साधारण १६८ मात्रा धरली तर एक मात्रा ०.३६ सेकंदाची. सरळ वाजवलं तर मधला ठोका ०.१८ सेकंदावर पडतो, शफलमध्ये ०.२४ वर. फरक ०.०६ सेकंदाचा, पण सगळं गाणं त्यावर फिरतं.

मूळ तबकडीवर आणखी एक गंमत आहे. बेरीची गिटार सरळ आहे, पण ड्रमर फ्रेड बिलो जॅझमधला, त्याचा हात अजून थोडा डुलतो. दोघांच्या मधल्या फटीत ते गाणं चालतं. म्हणून ड्रम संगणकावर अगदी काटेकोर सरळ केला की गाणं वाळून कोळ होतं. तुमच्याकडे ड्रमर असेल तर त्याला झांजेवर किंचित डुलू द्या. गिटारने मात्र आठही ठोके समान ठेवायचे, सगळे फटके खालच्या दिशेने, तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे) तारांवर हलकी टेकवून. वर-खाली फटके मारले की वरचा फटका आपोआप हलका आणि उशिरा पडतो, आणि शफल परत येतो. बहुतेकांचं नेमकं इथे बिघडतं.

ताणाबद्दल. सहाव्या तारेवर ६वा फ्रेट तर्जनीने, पाचव्या तारेवर ८वा अनामिकेने, आणि एकाआड एक मात्रेला करंगळी १०व्या फ्रेटवर. ई फ्लॅटला तोच आकार एक तार खाली, पाचव्या-चौथ्या तारेवर. अंगठा मानेच्या वर आला असेल तर करंगळी दहाव्यापर्यंत पोचणारच नाही, अंगठा मानेच्या मागे मधोमध ठेवा. तरीही दुखत असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ए चा उघडा आकार वाजवा, स्वर बी फ्लॅटच येतो. कॅपोपासून मोजून दुसरा आणि चौथा फ्रेट, बस्स. ताण निम्म्यावर येतो.

सुरुवातीच्या ओळीसाठी तर्जनी वरच्या दोन तारांवर ६व्या फ्रेटला आडवी, म्हणजे एफ आणि बी फ्लॅट मिळतात. तिसऱ्या तारेवर ८व्या फ्रेटचा ई फ्लॅट वर खेचत एफकडे न्यायचा, की दोन तारांवर एकच स्वर घासल्यासारखा वाजतो. त्या काळच्या संचात तिसरी तार सहसा गुंडाळलेली, जाड असे. ती पूर्ण वर खेचली जात नाही, म्हणून सरकवून किंवा अर्धवट खेचून काम भागवत. आजच्या पातळ तारेवर पूर्ण खेचलं की स्वर जास्तच गोड येतो आणि चव बदलते. थोडं कमी खेचा.

कोमल_निषाद

बी फ्लॅटचा मुद्दा निघालाच आहे तर बेरीचा पियानोवादक जॉनी जॉन्सन याला विसरू नका. बी फ्लॅट आणि ई फ्लॅट या गिटारवाल्यांच्या आवडत्या पट्ट्या नव्हेत, त्यांना ई आणि ए हवी असते. बेरीची इतकी गाणी या पट्ट्यांत का? कारण सेंट लुईसमध्ये तो जॉन्सनच्या बँडमध्ये शिरला, आणि बँड पियानोवाल्याच्या पट्ट्यांत वाजत होता. वर सांगितलेली करंगळीची साथ म्हणजे बूगी पियानोचा डावा हात, जसाच्या तसा गिटारवर आणलेला. तोच डावा हात मागे नेला की गायक बिग जो टर्नर आणि पियानोवादक पीट जॉन्सन यांच्या १९३८च्या 'रोल एम पीट'पाशी पोचतो. त्याच डिसेंबरात कार्नेगी हॉलमध्ये या दोघांना बोलावलं गेलं आणि बूगीचं पेव फुटलं. माझं मत पियानोवाल्यांना. गिटार नंतर पुढे आली.

ओसरी

सगळी नावं एका बाजूची येताहेत. गोऱ्या कंट्री संगीताचा वाटा कोणी मांडणार आहे का? बेरीचं 'मेबलिन' (२१ मे १९५५, चेस कंपनी) मुळात बॉब विल्सच्या १९३८च्या 'आयडा रेड'वरून उभं राहिलं. हँक विल्यम्सचं १९४७चं 'मूव्ह इट ऑन ओव्हर' ऐका, 'रॉक अराउंड द क्लॉक'च्या कडव्याची चाल तिथे सापडेल. आर्थर स्मिथचं 'गिटार बूगी', डेलमोर बंधूंचं 'फ्रेट ट्रेन बूगी', ही सगळी १९४५-४६ची. बासच्या तारेला थप्पड मारून ठेका काढायची पद्धतही कंट्रीवाल्यांनी जपली, आणि त्यातूनच ड्रमशिवाय एल्विसचं 'दॅट्स ऑल राइट' (५ जुलै १९५४) उभं राहू शकलं.

तबकडी७८

थप्पड बासचा मुद्दा पक्का आहे, फक्त ती युक्ती न्यू ऑर्लिन्सच्या जॅझवाल्यांकडे आधीपासून होती. कंट्रीवाल्यांनी ती टिकवली हे खरं. तार पुढे ओढून मात्रेवर सोडायची आणि मधल्या जागेत तळहाताने तारा पट्टीवर आपटायच्या. सोडलेला स्वर म्हणजे मोठा ड्रम, आपटणं म्हणजे स्नेअर. एल्विसचा बासवादक बिल ब्लॅक एकटाच दोघांचं काम करतो.

हेलीबद्दल मात्र थांबा. १९५१ला 'रॉकेट ८८' आणि १९५२ला 'रॉक द जॉइंट', दोन्ही कृष्णवर्णीय बँडांची गाणी त्याने परत केली. 'रॉक अराउंड द क्लॉक'मधला गाजलेला गिटारचा तुकडा डॅनी सेड्रोनने 'रॉक द जॉइंट'मध्ये आधीच वाजवला होता, तोच इथे उचलून ठेवला, कारण त्या दिवशी बहुतेक वेळ दुसऱ्याच गाण्यात गेला होता. सेड्रोन त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत गेला. गाणं १९५५च्या जुलैत पहिल्या क्रमांकावर पोचलं ते त्याला ऐकायला मिळालं नाही.

फीत_सेकंदाला_१५

वादकांची नावं घेताना ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनाही धरा. मेंफिस, ७०६ युनियन अॅव्हेन्यू, सॅम फिलिप्स. 'रॉकेट ८८' १९५१च्या मार्चमध्ये इथेच झालं. तबकडीवर नाव जॅकी ब्रेन्स्टनचं, पण बँड आइक टर्नरचा. रस्त्यात विली किझार्टच्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा कोन फाटला. फिलिप्सने त्यात कागद कोंबला आणि तो खरखरीत आवाज लपवण्याऐवजी पुढे आणला. फाटका कोन नीट हलू शकत नाही, कागद त्याच्याबरोबर थरथरतो, म्हणून स्वराच्या कडा चिरतात. टर्नरने सुरुवातीला वाजवलेला पियानो लिटल रिचर्डने 'गुड गॉली मिस मॉली'साठी घेतला, तोही ऐकून जुळवा.

मग एल्विसच्या तबकड्यांवरचा तो प्रसिद्ध 'टप्पा', म्हणजे स्लॅपबॅक. दोन अँपेक्स मशिनं, म्हणजे फितीवर ध्वनिमुद्रण करणारी यंत्रं. एकावर ध्वनिमुद्रण होतं, दुसऱ्यावर तोच आवाज नोंदून क्षणभरात वाचला जातो आणि परत मिसळला जातो. नोंदणाऱ्या आणि वाचणाऱ्या हेडमध्ये सुमारे २ इंच अंतर आणि फीत सेकंदाला १५ इंच, म्हणजे २ भागिले १५, ०.१३ सेकंद. फितीचा वेग ७.५ वर आणला तर ०.२७ सेकंद होतो आणि गाणं गुहेत गेल्यासारखं वाटतं.

आजच्या सॉफ्टवेअरवर हे काढायचं तर डिले १२० ते १४० मिलिसेकंद, फीडबॅक शून्य, परतणारा आवाज मूळ आवाजाच्या पंचवीस ते तीसेक टक्के, आणि त्यातले वरचे स्वर थोडे कापलेले. लोक फीडबॅक वाढवतात, मग दुसरा-तिसरा पडसाद पुढच्या शब्दावर चढतो आणि उच्चार माती होतात. पडसाद एकदाच. १९५६ला आरसीए कंपनीला हे साधलं नाही, म्हणून नॅशव्हिलमध्ये 'हार्टब्रेक हॉटेल'चा आवाज त्यांनी इमारतीतल्या मोकळ्या जागेत घुमवून घेतला. ऐका, तो लांबट घुमारा आहे, टप्पा नाही.

नवा_कॅपो

@सातवा_फ्रेट, कॅपो आणि खालचे फटके, दोन्हींनी काम झालं. आभार. बो डिडलीचं नाव अजून आलं नाही?

दुसरी_चौथी

यायलाच हवं. 'बो डिडली', मार्च १९५५, चेस कंपनीच्या चेकर छापावर. १६ मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ यांवर ठोका द्या. क्यूबन क्लावेचा हा हिशोब आहे, आपल्याकडे तबल्यावर मोजायची सवय असणाऱ्यांना पटकन बसतो. चुकतं कुठे? ११ ऐवजी १० वर पडतं, कारण पहिले तीन ठोके तीन-तीनच्या अंतराने आले की हात चौथाही तसाच टाकतो. सातनंतर चारचं अंतर आहे, तिथे थांबायचं. जेरोम ग्रीनचे माराकास (खुळखुळे) सगळ्या सोळा मात्रा भरतात, आणि गिटारचा ट्रेमोलो (आवाज भराभर कमी-जास्त करणारी सोय) त्याच लयीत धडधडतो. ट्रेमोलोचा वेग लयीला बांधला नाही तर दोन लयी भांडतात आणि नाच थांबतो. जवळजवळ एकाच कॉर्डवर उभं असलेलं, सुरावटीपेक्षा ठेक्यावर चालणारं हे गाणं, बाकी सगळ्या १२ बारवाल्यांपेक्षा, म्हणजे बारा मापांच्या ब्लूज साच्यातल्या गाण्यांपेक्षा, वेगळं. थेट प्रभाव म्हणाल तर बडी हॉलीचं 'नॉट फेड अवे', १९५७.

ओसरी

जाता जाता, आपल्याकडे याचा पडसाद लगेच उमटला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं 'ईना मीना डीका' १९५७चं. त्यांचे साहाय्यक गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट. १९५१च्या 'अलबेला'त त्यांनी स्विंग आधीच आणला होता, त्यामुळे नवा ठेका त्यांना परका वाटला नाही.

सातवा_फ्रेट

तो प्रभाव नंतरचा, पण वाट तीच. गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत जॉर्डनसारख्या छोट्या, नाचाच्या 'जंप' बँडांचीच गाणी वाजवत होते.

मूळ प्रश्नावर माझं मत बदललेलं नाही. जॉर्डनने बँडचा साचा दिला, पामरने ठेका. पण विजेची गिटार गळ्यात अडकवून, गाणं आणि वाजवणं एकाच अंगातून काढून समोरच्या हजारोंना उभं करणारी पहिली व्यक्ती रोझेटाच.

तबकडी७८

मी जॉर्डनवरच आहे. रोझेटाची वाट बहुतेक प्रत्यक्ष कार्यक्रमांतून पुढे गेली, जॉर्डनची ज्यूकबॉक्समधून. 'रेस' यादीत त्याची १८ गाणी पहिल्या क्रमांकावर गेली आणि 'चू चू चबूगी' एकट्याने १८ आठवडे तिथे राहिलं. १९४६ला सेंट लुईस, मेकन किंवा मेंफिसमधल्या पोरांच्या कानावर रोज कोण पडत होतं, हा प्रश्न निर्णायक धरतो.

कोमल_निषाद

ज्यांना स्वतः पडताळायचं आहे त्यांनी एकच गाणं तीन तबकड्यांवर ऐकावं, 'गुड रॉकिन टुनाइट'. रॉय ब्राउन, १९४७, न्यू ऑर्लिन्स, तोच मटासाचा स्टुडिओ. ठेका डुलणारा, गळा चर्चमधला, आवाज रडवेला होऊन वर जातो. मग वायनोनी हॅरिस, त्याच वर्षीचा डिसेंबर, सिनसिनाटीची किंग कंपनी. टाळ्या आल्या, सॅक्सोफोन रांगडा झाला, गळ्यातला चर्च गेला आणि आरडाओरडा आला. मग एल्विस, सप्टेंबर १९५४, मेंफिस. फुंकवाद्य एकही नाही, ड्रम नाही. सॅक्सोफोनची जागा स्कॉटी मूरच्या गिटारने घेतली आहे, आणि टाळ्यांची बिल ब्लॅकच्या तळहाताने. हेडफोन लावून बास तेवढा धरून ऐका, दुसरी आणि चौथी मात्रा कुठून येते ते लगेच कळेल.